एर्मेंगोलच्या पाठीचा साचा

आमच्या खोऱ्यात फेब्रुवारी महिना दोन वासांवरून ओळखावा. एक वास द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्यांवर भाजणाऱ्या कोवळ्या कांद्यांचा, तो मळ्यांतून येतो. दुसरा जळक्या रबराचा, तो नदीपलीकडच्या शर्यतीच्या ट्रॅकवरून येतो. उत्तरेला मोंतसेन्य डोंगराच्या डोक्यावर बर्फ असतं, सकाळी नदीवर धुकं लोळत पडलेलं असतं, आणि आमचं विलार्दोसा गाव या दोन वासांच्या मधोमध, कोणत्या बाजूला तोंड करावं हे न ठरवता बसलेलं असतं.

शर्यती उन्हाळ्यात होतात. तेव्हा सगळं जग येतं, झेंडे येतात, टोप्या येतात, पाण्याची बाटली सोन्याच्या भावाने विकली जाते. फेब्रुवारीत कोणी येत नाही. फेब्रुवारीत नव्या गाड्यांची चाचणी असते. नवी गाडी म्हणजे नवी सून. तिला घरातलं काही सापडत नाही आणि घरातल्यांना तिचं काही कळत नाही. ती चालते थोडी, थांबते फार. जिथे थांबते तिथून तिला उचलून आणायचं काम एर्मेंगोलचं होतं.

"शर्यतीत गाड्या पळतात, चाचणीत थांबतात," तो म्हणायचा. "पळणाऱ्या गाडीत आपलं काय आहे? बघून मान दुखते नुसती."

गावात त्याचं लहानसं गॅरेज होतं, आणि सपाट पाठीचा, क्रेन लावलेला एक पिवळा ट्रक. चाचणीच्या दिवसांत तो ट्रक ट्रॅकच्या कडेला उभा असे. त्याच्या शेजारी, मांडीवर आग विझवण्याचं नळकांडं घेऊन, मी बसत असे. माझं खरं काम घेवड्याचं. आमचा वाकड्या दाण्याचा पांढरा घेवडा साऱ्या प्रांतात नावाजलेला आहे आणि त्यातही माझा. पण फेब्रुवारीत जमीन झोपलेली असते, आणि झोपलेल्या जमिनीपाशी बसून राहण्यापेक्षा जागं नळकांडं बरं.

एर्मेंगोलची उंची बेताची. खांदे मात्र असे की गोठ्याच्या दारातून तो तिरपा होऊन जाई. हे खांदे त्याने नुसते मिरवायला ठेवले नव्हते. आमच्या गावात माणसांचे मनोरे रचतात. थरावर थर चढतात, शेंड्यावर एक पोर जाऊन हात वर करतं आणि उतरतं. हे सगळं ज्यांच्या खांद्यांवर उभं राहतं त्यांना आम्ही पायाचे गडी म्हणतो. पायाच्या गड्याला कोणी पाहत नाही. त्याच्याभोवती शे-दीडशे माणसांचा घेर दाटलेला असतो, हनुवटी छातीत रुतलेली असते, आणि त्याला दिसतो तो समोरच्याचा सदरा. एर्मेंगोल मिशी फुटल्यापासून पायाचा गडी होता. लग्न झालं त्या दिवशीही चर्चच्या पायरीवर मनोरा रचला तेव्हा नवरामुलगा तळाशीच होता. नवरी, कितेरिया, बाहेर फुलं धरून विचारत राहिली, "आमचे हे कुठे गेले?"

तर गोष्ट त्या वर्षीच्या चाचणीची.

तिच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे वेंतुराच्या अंगणात कांदे खायला जमलो होतो. वेंतुरा म्हणजे कितेरियाचा धाकटा भाऊ, एर्मेंगोलचा मेव्हणा, आणि मनोऱ्याच्या पथकाचा प्रमुख. भाजलेला कांदा काळ्या सालीतून ओढायचा, बदामाच्या लाल चटणीत बुडवायचा, डोकं मागे टाकायचं आणि वरून तोंडात सोडायचा. सगळ्यांचे हात कोळशासारखे, गळ्यात फडकी, हनुवट्या लाल. गंभीर बोलायला ही वेळ कोणी निवडणार नाही. वेंतुराने निवडली.

"दाजी, एक बोलायचं होतं."

"बोल की. तोंडं उघडीच आहेत सगळ्यांची."

"शुक्रवारी पहिली तालीम. यंदा पायाला जेरार्डला उभा करावा म्हणतो."

एर्मेंगोलचा कांदा अर्धा आत, अर्धा बाहेर तसाच लोंबत राहिला. तो त्याने गिळला आणि मग विचारलं, "फरशीवाला जेरार्ड? तो जन्मभर गुडघ्यांवर बसून फरशा लावतो. त्याला उभं राहायची सवय कुठे आहे?"

"दाजी, तुमचं वय झालं."

"वय तुझ्या बहिणीचंही झालं. तिला बदलू का?"

"बदलून बघा," कितेरिया चुलीजवळून म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मोजे कुठे असतात ते विचारायला येऊ नका म्हणजे झालं."

सगळे हसले. वेंतुरा हसला नाही. गेल्या जत्रेत आमचा सात थरांचा मनोरा डावीकडे कलला होता आणि भाजलेल्या वांग्यासारखा खाली बसला होता. कोणाला लागलं नाही, पण शेजारच्या गावाने तेव्हापासून आम्हाला वांगी म्हणायला सुरुवात केली होती. वारा आडवा आला, असं एर्मेंगोल सांगत असे. वेंतुरा काही सांगत नसे.

"माझी पाठ आहे तशी आहे," एर्मेंगोल म्हणाला. "लोखंडाची कांब."

"मग शुक्रवारी मला काहीतरी दाखवा. तुम्ही सांगता म्हणून नाही, माझ्या डोळ्यांना दिसेल असं. दिसलं तर जेरार्ड घेरात, तुम्ही पायाला."

त्या दिवसापासून एर्मेंगोलला दुसरं सुचेना. पाठ दाखवायची कशी? सदरा काढला की सगळ्यांचीच पाठ पाठीसारखी दिसते. गव्हाचं पोतं उचलून दाखवावं तर जेरार्ड दोन उचलील. बुधवारी चाचणी सुरू झाली तेव्हाही ट्रकमध्ये बसल्याबसल्या तो खांदे पुढेमागे करून पाहत होता.

"काही आवाज येतो का रे, नार्सिस?"

"येतो."

"कसला?"

"तुझ्या सीटच्या स्प्रिंगचा."

त्या वर्षी आमचं गिऱ्हाईक म्हणजे रोमान्या प्रांतातून आलेला एक लहान इटालियन संघ. मोठ्या संघांकडे गाडीमागे गाडी होती, यांच्याकडे एकच. तिच्यावर, संघाला पैसा पुरवणाऱ्या पोर्तुगालच्या एका सार्डिन कंपनीचा मासा रंगवलेला. संघाचा मुख्य माणूस ओतेल्लो, त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो उंच, वाकलेला, आणि देवाशी सतत भांडणात असलेला. चालवणारे दोघे. सकाळी ताउनो नावाचा फिनलंडचा गडी. बांबूसारखा उंच आणि बांबूइतकाच बोलका. दुपारनंतर दुआर्ते, लिस्बनचा. बुटका, रुंद, आणि ताउनोच्या वाटणीचंही बोलून टाकणारा.

दुपारी माणूस बदलायचा म्हणजे नुसता एकाने उतरून दुसऱ्याने चढायचं नसतं. त्या गाड्यांत सीट प्रत्येकाच्या पाठीवर ओतून केलेली असते. ताउनोची सीट बाहेर, दुआर्तेची आत. पायातली पेडलं एकाची लांब, एकाची जवळ. पट्टे सोडा, पट्टे आवळा. दुसऱ्याच्या सीटमध्ये बसणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवणं. आणि एक गंमत मी पाहून ठेवली आहे: उतरणारा चढणाऱ्याकडे कधी बघत नाही. हातमोजे काढत, जमिनीकडे पाहत, काहीतरी विसरल्यासारखा निघून जातो.

बुधवारी गाडी सकाळी निघाली आणि टेकडीच्या वळणावर गचकली. आम्ही गेलो. बंद गाडी उचलली की ती ताडपत्रीने झाकायची अशी तिथली रीत आहे, कारण दुसऱ्या संघांचे लोक छपरांवर कॅमेरे घेऊन बसलेले असतात आणि त्यांना हिचं पोट बघायचं असतं. एर्मेंगोलची ताडपत्री कितेरियाने मासळीवाल्याच्या जुन्या कापडी छतापासून शिवली होती, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. ती अंगावर घेतलेली गाडी ट्रकवरून संथपणे परत येई तेव्हा मोठ्या संघांचे मेकॅनिक टोप्या काढून छातीशी धरत.

"हसा लेको," एर्मेंगोल खिडकीतून म्हणे. "उद्या तुमच्या तिरडीलाही हीच ताडपत्री आहे."

दुपारी दुआर्ते बसला. गाडी पुन्हा गचकली, या वेळी सरळ रस्त्यावर, सगळ्यांसमोर. गुरुवारी ताउनो चालवत असताना क्लच गेला आणि दुआर्तेच्या हातून गाडी खडीत गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा बर्फावरून आलेला वारा अंगाला सुया टोचत होता आणि दुआर्ते पातळ अंगरख्यात कुडकुडत गाडीला शिव्या देत होता. एर्मेंगोलने आपलं मेंढीच्या कातड्याचं जाकीट काढून त्याच्यावर टाकलं.

ते त्याला खांद्यावर असं बसलं की जणू त्याच्यासाठीच शिवलं होतं. पुढून मात्र त्यात दुआर्ते आणि एखादी पावाची टोपली मावली असती. गॅरेजपाशी उस्तादाने ते पाहिलं आणि म्हणाला, "दोघांचे खांदे एकाच सुताराचे दिसतात."

दुआर्ते त्या संध्याकाळी विमानाने लिस्बनला गेला. सार्डिनवाल्यांची मेजवानी होती; तिथे त्याने हसून माशाशेजारी उभं राहायचं होतं. शुक्रवारी सकाळी परत यायचं ठरलं होतं.

शुक्रवार उजाडला तो असा. लिस्बनवर धुकं, दुआर्ते दुपारपर्यंत येणार नाही. ताउनोने गाडी बाहेर काढली आणि गिअरबॉक्समधून असा आवाज आला की छपरावरची कबुतरं उडाली. गाडी परत, मागचा अर्धा भाग उघडा. आणि थंडी म्हणून कोणीतरी रात्री गॅसची शेगडी लावून ठेवली होती, ती दुआर्तेच्या सीटपाशी. सीट वितळून, आमच्याकडे न्याहारीला गुंडाळीचा गोड पाव मिळतो, तशी होऊन पडली होती.

उस्ताद आमच्या ट्रकपाशी आला तेव्हा तो देवाशी भांडत नव्हता. ते फार वाईट लक्षण होतं.

"दोस्ता," तो एर्मेंगोलला म्हणाला, "मला तुझी पाठ हवी."

"कशाला?"

"सीट ओतायला. दुआर्ते दुपारी विमानातून उतरेल, त्याच्या पाठीवर ओतून, वाळवून, तासून होईपर्यंत अंधार पडेल. आज शेवटचा दिवस. सार्डिनवाले संध्याकाळी विचारतील, दुआर्ते किती चालला? आत्ता गाडीचं मागचं उघडलंय, पुढचं रिकामं आहे. तू बस. खांदे तुमचे सारखेच."

 एर्मेंगोलच्या चेहऱ्यावर मी हळूहळू ऊन पडताना पाहिलं.

"या ओतण्यात पाठ जशीच्या तशी उठते?"

"तीळसुद्धा उठतो."

"मग तुमचं काम झालं की ती सीट मला द्यायची. संध्याकाळी एका माणसाला दाखवायची आहे."

"सीट घे, सार्डिन घे, ताउनोला घे! चल आधी!"

मी त्याच्या कानात म्हणालो, "अरे, पण तुझं पोट?"

"शेला आहे की," तो म्हणाला.

मनोऱ्याला उभं राहताना कमरेला काळा शेला बांधतात, चांगला लांबलचक आणि घट्ट. पाठीला आधार होतो, वर चढणाऱ्याला पाय ठेवायला पायरी होते. संध्याकाळी तालीम म्हणून तो ट्रकमध्येच होता. शेला एकट्याने बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचं आणि बांधणाऱ्याने स्वतःभोवती गिरक्या घेत, गुंडाळत गुंडाळत त्याच्याकडे यायचं. त्या इटालियन गॅरेजात, हत्यारांच्या कपाटापाशी मी टोक धरलं, आणि एर्मेंगोल डोळे मिटून, हात वर करून, गिरक्या घेत आला. मेकॅनिकांनी टाळ्या वाजवून ताल धरला. एकाने विचारलं, "लग्न कधी?" पोट मात्र गेलं. कुठे गेलं ते देव जाणे, पण गेलं.

गाडीच्या पोकळीत एक मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरली होती. एर्मेंगोलला तिच्यावर बसवलं. उस्तादाने दोन डब्यांतली पातळं एकत्र ढवळून पिशवीत ओतली आणि ती दुधासारखी उतू येऊ लागली.

"गरम आहे!" एर्मेंगोल ओरडला.

"हलू नकोस! धरा त्याला, फेस वर उचलेल!"

आणि दोन मेकॅनिकांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून जोर दिला.

मला तिथेच कळायला हवं होतं. कमरेला शेला घट्ट, पाठीमागून छातीएवढ्या रुंदीचा दाब, आणि खांद्यांवर वरून वजन. सबंध आयुष्यात एर्मेंगोलच्या अंगाला या तिन्हींचा एकच अर्थ माहीत होता. त्याची हनुवटी छातीत गेली. खांदे कानांपर्यंत चढले. मान बैलासारखी फुगली. पाठ ताठ झाली, श्वास थांबला, डोळे समोरच्या कोणा नसलेल्या माणसाच्या सदऱ्यावर खिळले. जोर देणाऱ्यांना वाटलं हा वर येतोय, म्हणून त्यांनी आणखी दाबलं. एर्मेंगोलला वाटलं आणखी एक थर चढला. तो आणखी ताठला.

"वा!" उस्ताद म्हणाला. "असा पुतळ्यासारखा कोणी बसला नाही आजवर!"

फेस थंड होऊन दगड होईपर्यंत तो तसाच होता. तोंडाने पुटपुटत होता ते मला ऐकू आलं: "धरा रे... पोर चढलं का... धरा..."

बाहेर काढायला चार माणसं लागली. निघताना बाटलीचं बूच उघडावं तसा आवाज झाला. खाली सीट राहिली, पांढरी, मऊ दिसणारी, आणि तिच्यात पाठीचा खोल ठसा. एर्मेंगोलने तो पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नार्सिस, बघ. काय पाठ आहे!"

मीही मान हलवली. पाठीच्या बाबतीत मला कळतं ते घेवड्याच्या वेलाच्या काठीइतकंच.

दुपारी दुआर्ते विमानतळावरून धावतच आला. गिअरबॉक्स लागला होता, सीट तासून चिकटपट्ट्यांनी गुंडाळून आत बसवली होती. कोणाच्या पाठीची, हे सांगायला कोणाला सवड नव्हती. तो बसला, पट्टे आवळले, आणि हेल्मेटच्या आतून काहीतरी म्हणाला. उस्तादाने ते आभार समजून हात हलवला. गाडी सुटली.

आमच्यासमोरून ती गेली तेव्हा मी पाहिलं. चालवणाऱ्याचं हेल्मेट पुढे झुकलेलं होतं, जसा कोणी ताटातला खडा शोधतोय. पुढच्या उजव्या वळणावर सगळ्या गाड्या वळतात तिथे ही वळली नाही. सरळ खडीत गेली, आणि लाल बावटा वर झाला.

"चल," एर्मेंगोल म्हणाला. "गिऱ्हाईक."

गाडी उचलली, ताडपत्री घातली. दुआर्ते आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला. मान चोळत होता.

"कोणाची पाठ आहे ती?" तो म्हणाला. "मला सांगा, कोणाची? हनुवटी छातीत! खांदे कानात! मला ट्रॅक दिसलाच नाही, मी माझे गुडघे बघत गाडी चालवली. सीट ओतताना त्या माणसाच्या डोक्यावर काय गावातली माणसं उभी होती?"

एर्मेंगोल समोर बघत म्हणाला, "साधारण तसंच."

"आणि वर वाकडा!"

ट्रक थोडा हळू झाला. "वाकडा म्हणजे?"

"डावा खांदा खाली. उजवीकडे उंचवटा, डावीकडे खड्डा. वळणावर मी डावीकडे घसरलो ते घसरलोच. तो माणूस बरगड्यांपासूनच वाकडा आहे."

"किती?"

दुआर्तेने आपल्या डाव्या खांद्यावर दोन बोटं आडवी ठेवून दाखवली. मग त्याचं लक्ष एर्मेंगोलच्या खांद्यांकडे गेलं. मग कमरेच्या शेल्याकडे, ज्याच्या काठावर पांढरा फेस वाळला होता. तो बराच वेळ काहीतरी चांगलं बोलायला शोधत होता.

"तशी... उबदार आहे सीट," तो म्हणाला.

"असू दे," एर्मेंगोल म्हणाला.

गॅरेजात उस्तादाने ती सीट उपटून त्याच्या हवाली केली. "ने, माझ्या डोळ्यांसमोरून ने!" आणि दुआर्तेला पिशवीवर बसवून पुन्हा डबे ढवळायला घेतले. ती सीट घट्ट झाली तेव्हा मोंतसेन्यवरचं बर्फ गुलाबी झालं होतं आणि चाचणी संपल्याचा बावटा पडला होता. ताउनो बाजूला उभा राहून सफरचंद खात होता. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला तो हसल्यासारखा वाटला. पण सफरचंदही असेल.

आम्ही तालमीला निघालो. सीट आमच्या दोघांच्या मध्ये, ताडपत्रीत गुंडाळून, दुआर्ते बसला होता त्याच जागी. पुलाजवळ कचऱ्याची मोठी पेटी आहे. तिच्यापाशी एर्मेंगोलने ट्रक थांबवला. इंजिन चालू होतं. तो पेटीकडे बघत बसला.

आठवडाभर त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की शुक्रवारी दाखवतो. काय दाखवणार हे कोणाला माहीत नव्हतं. सीट पेटीत गेली असती तर ते मला आणि त्या इटालियनांनाच ठाऊक राहिलं असतं, आणि इटालियन रात्रीच सामान बांधणार होते. मग गोष्ट पुन्हा त्याच्या शब्दावर आली असती, आणि कितेरियाच्या नवऱ्याचा शब्द वेंतुराने कदाचित आणखी एक वर्ष मानलाही असता.

"नार्सिस," तो म्हणाला, "गेल्या जत्रेत वारा होता ना रे?"

मी घेरात होतो. मान वर करायची नसते. मला पूर्ण वेळ फक्त पुढच्या माणसाची मान दिसत होती.

"पुढच्याच्या मानेवर चार केस होते," मी म्हणालो. "ते हलत नव्हते."

"तुला कोणी सांगितलं होतं लोकांच्या मानेवरचे केस बघायला?"

"दुसरं काही दिसत नव्हतं."

त्याने गिअर टाकला. पेटी मागे राहिली.

पथकाची तालीम जुन्या बूच-कारखान्यात होते. आत गेलो तेव्हा सगळे जमले होते, शेले बांधणं चाललं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं गिरक्या घेत होती. जेरार्ड एका कोपऱ्यात उभा होता. त्याला उभं राहायला सांगितलं होतं म्हणून तो तासभर आधीपासून उभा होता. एर्मेंगोलने टेबलावरचा पाण्याचा जग बाजूला केला, सीट ठेवली, ताडपत्री ओढली.

"ही माझी पाठ. भाराखालची."

लोक जमले. कोणी बोट घातलं, कोणी तळवा. "हा मणका दिसतो बघ," "हा कण्याखालचा मस," "दाजींचं ढुंगण मात्र संगमरवरी हो."  वेंतुरा मनोऱ्यांत वाढलेला माणूस. त्याने एक हात डाव्या खांद्याच्या ठशात ठेवला, एक उजव्या, आणि डोळे मिटले. मग उघडले.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "डावा खांदा."

"माहीत आहे. दोन बोटं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुपारी कळलं. एका सार्डिनवाल्याने सांगितलं."

"मग आणलीत कशाला? तुम्ही नसती आणली तर मी... मी काय केलं असतं कोण जाणे. आक्का मला जेवू घालत नव्हती या आठवड्यात."

एर्मेंगोलने खांदे ताठ केले. एक ताठ झाला, दुसरा जरा खालीच राहिला. आता ते सगळ्यांना दिसत होतं.

"तू मला वयावरून काढत होतास," तो म्हणाला. "वयावरून मी हटणार नव्हतो. वय काय, सगळ्यांनाच होतं, तुलाही होईल, आणि तुझ्या केसांकडे बघून वाटतं लवकरच. खांद्यावरून मात्र हटतो. खांदा वाकडा आहे, मनोरा पडतो. हे कारण झालं. कारण असलं की माणसाला घरी जाऊन झोप लागते."

 एर्मेंगोल जेरार्डकडे वळला. मला वाटलं, आता हा हातमोजे काढल्यासारखा जमिनीकडे बघत बाहेर जाईल. पण तो सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, गाडी विकत घेताना बघावी तसं.

"शेला कोणी बांधला तुझा?"

"बायकोने, काका."

"म्हणूनच. बायका माया करून बांधतात. सोड. नार्सिस, टोक धर."

आम्ही जेरार्डला परत गुंडाळला, असा की त्याचे डोळे बाहेर आले.

"श्वास येत नाही, काका."

"येत नसतो. सवय होते."

पायाच्या गड्याच्या मागे एक माणूस लागतो. तो आपली छाती त्याच्या पाठीला भिडवून, त्याला खालून पेलून धरतो. आम्ही त्याला टेकू म्हणतो. वेंतुरा टेकूसाठी कोणाचं तरी नाव घेणार होता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात एर्मेंगोल जेरार्डच्या मागे जाऊन भिडलाही होता. वेंतुराने तोंड मिटलं.

पहिली तालीम, म्हणून साधाच मनोरा, एकावर एक, चार थरांचा. घेर दाटला. मी माझ्या जागी, पुढच्याच्या मानेशी. दुसऱ्या थराचा चढला तसा आतून आवाज येऊ लागला.

"हनुवटी खाली! खाली म्हणतो ना! वर काय बघतोस, वर तुझं कोण आहे? खांदे उचल. गुडघे विसर, इथे फरशी लावायची नाही."

"काका, तुमचं पोट लागतंय."

"ते पोट नाही, तो आधार आहे."

"दाजी, शांत!" वेंतुरा बाहेरून ओरडला. मनोरा चढताना बोलायचं नसतं. वरच्यांना श्वास ऐकून हलायचं असतं.

तिसरा चढला. जेरार्डचे पाय थरथरले, ती थरथर घेरातून माझ्यापर्यंत आली. मग ती थांबली. चौथी चढली, बेकरीवाल्याची धाकटी, तिने हात वर केला असावा, कारण बाहेर कोणीतरी श्वास सोडला. वरून तिसऱ्याचा आवाज आला, हलकासा, जरा आश्चर्याने: "आज सरळ आहे."

"सरळ असणारच," खालून एर्मेंगोल म्हणाला. "टेकू कोण आहे?"

"दाजी, गप्प!"

आणि तो खरोखर गप्प झाला. सगळे उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.